तलावाचा गाळ काढला की आधी मासा का मरतो?



उणकल किंवा केलगेरी केरेचा गाळ काढायचा विषय निघाला की आपल्यातले बरेच जण म्हणतात, "काढू दे की! घाण जाईल, पाणी वाढेल, मासा वाढेल." पुढे जाऊन ते खरंही आहे. पण पहिल्या हंगामात उलटं होऊ शकतं, आणि तेव्हा बीजाचे पैसे आपलेच बुडतात.

ज्या तलावात शहराचं सांडपाणी येतं, तिथला गाळ म्हणजे नुसती माती नव्हे. त्यात मैला असतो, कुजलेली जलपर्णी असते. काळाकुट्ट, सडक्या अंड्याच्या वासाचा हा थर तळाशी दबून असतो. मशीन फिरलं की तो उठतो. विषारी वायू आणि अमोनिया पाण्यात मिसळतात, आणि कुजकी घाण पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले की समजायचं. त्यात गाळातला फॉस्फरस सुटला तर शेवाळाला खत मिळतं. पाणी हिरवंगार होतं, आणि हेच शेवाळ रात्री प्राणवायू ओढतं.

दुसरी गोष्ट खाण्याची. तळातले किडे, अळ्या, गोगलगायी गाळाबरोबरच बाहेर जातात. कटला वरच्या थरात खाते, तिला फरक कमी. मृगळ आणि सिप्रिनस तळात चरणारे, त्यांचं ताटच उचललं जातं.

कारखान्याचं पाणी येत असेल तर प्रश्न आणखी मोठा. जपानच्या मिनामाता खाडीत चिस्सो कंपनीने १९३२ ते १९६८ पारा मिसळलेलं पाणी सोडलं. तिथले मासे खाऊन कोळ्यांची कुटुंबं आजारी पडली, माणसं मेली. १९७७ साली सफाई सुरू झाली तेव्हा, गाळ ढवळला की पारा पुन्हा पसरेल म्हणून लोक कोर्टात गेले. काम काही वर्षं थांबलं. शेवटी थोडा गाळ उपसून, थोडा जागच्या जागी, असा सुमारे १५ लाख घनमीटर गाळ ५८ हेक्टर भरावाखाली बंदिस्त केला. ते काम १९९० ला संपलं. खाडीतला मासा बाहेर जाऊ नये म्हणून लावलेलं जाळं तर १९९७ ला निघालं.

आपल्याकडे एवढं विष आहे असं आम्ही म्हणत नाही. पण काम निघालं तर आधी सांडपाणी बंद होणार का, हे पहिलं विचारा. ते चालूच राहिलं तर गाळ काढणं म्हणजे नळ बंद न करता फरशी पुसणं. गाळाची तपासणी झाली का, आणि तो टाकणार कुठे, हेही विचारा. बांधावरच ढीग लावला तर पहिल्या पावसात सगळं परत पाण्यात. आमच्या मते पाणी उतरल्यावर उन्हाळ्यात, एकेक भाग घेऊन काम व्हावं, आणि त्याआधी मोठा मासा काढून घ्यायला सोसायटीला मुदत मिळावी.

काम चालू असताना मेलेला किंवा गुंगलेला मासा विकू नका, घरीही नेऊ नका.

नंतर बीज एकदम सोडू नका. आधी हाप्यात थोडी बोटुकली ठेवा, दोन-तीन दिवस पहाटे जाऊन बघा. तगली तरच बाकीचं बीज मागवू.