हातभट्टी, कायदा आणि वस्तीवरचा छापा

पाचवे शील आपण सर्वजण ग्रहण करतो. तेव्हा हा लेख दारूची बाजू घेणारा नाही, हे सभासद बंधु-भगिनींना व विद्यार्थी मित्रांना वेगळे सांगण्याची गरज नाही. दारूविरुद्धचा कायदा कोणाच्या झोपडीत शिरतो आणि कोणाच्या दारावरून मुकाट पुढे जातो, एवढाच येथे विचार करावयाचा आहे.

इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. मूल जन्मले की ते गुन्हेगार! पुढे ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कलंक कागदावरून पुसला गेला आणि या जमाती 'विमुक्त' झाल्या. मात्र मुक्तीबरोबर ना जमीन मिळाली, ना धंदा. लातूर जिल्ह्यातील धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे आत्मकथन ज्यांनी वाचले आहे (१९८८ साली त्यास साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला), त्यांना वस्तीवरचा छापा म्हणजे काय हे समजावून सांगावे लागणार नाही.

अशा वस्तीत हातभट्टी शिरते ती दारिद्र्याच्या वाटेने. थोडा गूळ, नवसागर, एक पत्र्याचा डबा. बाकी भांडवल लागत नाही. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा मराठवाडा मुंबई राज्यात आल्यानंतर इकडेही लागू झाला. त्यातील ६५ वे कलम दारू गाळणे, बाळगणे, विकणे यासाठी आहे. ९३ व्या कलमाखाली चांगल्या वर्तणुकीचा बाँड मागता येतो. शिवाय १९८१ चा एमपीडीए कायदा आहे. हातभट्टीवाला आणि अमली पदार्थांचा गुन्हेगार हे दोघे त्यात एकाच ओळीत बसवले आहेत. खटला न चालवता बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्धता होऊ शकते!

याउलट परवान्याच्या दुकानाचे पाहा. ते बंद करायचे तर गावातील बायांनी अर्ज करावा, मतदान व्हावे, आणि यादीतील निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत द्यावे. दुकान वाचवण्यासाठी एवढा लोकशाही सोपस्कार. झोपडीला मात्र पहाटेची एक जीप पुरते. दारूने संसार दोन्हीकडे सारखाच उद्ध्वस्त होतो. शासनाला महसूल मात्र एकाच ठिकाणाहून मिळतो.

समजा, पाच लिटर दारूसह एक बाई धरली गेली. रसायन ओतून दिले, पंचनामा झाला. आता जामीनदार हवा, आणि त्याच्याकडे सातबारा वा घरपट्टीची पावती हवी. पालात राहणाऱ्यांनी असा सोयरा कोठून आणावा? मग सावकाराचे कर्ज, दर तारखेला बुडणारी मजुरी, आणि धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी शाळेतून काढलेली थोरली मुलगी. दंड न्यायालय ठरवते, पण ही शिक्षा कोणत्याही निकालपत्रात लिहिलेली नसते.

हे केवळ आपल्याकडचे नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने १९७३ साली अमली पदार्थांविरुद्ध अत्यंत कडक कायदे केले. नशा गोरेही करत होते, परंतु त्या कायद्यांखाली तुरुंगात गेलेल्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय व लॅटिनो होते. २००९ साली त्या राज्याला बहुतेक सक्तीच्या शिक्षा मागे घ्याव्या लागल्या.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, तुरुंगातील जातिभेदाविषयी सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना, विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीने अटक होणार नाही याची दक्षता घेण्यास पोलिसांना बजावले आहे. आपले विद्यार्थी वकिली शिकत आहेत, त्यांनी तो निकाल मुळातून वाचावा. आणखी एक गोष्ट वस्तीवर जाऊन सांगण्यासारखी आहे: १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोणतीही स्त्री, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती आणि कोठडीतील आरोपी यांना मोफत वकील मिळतो. स्त्रीला त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. अर्ज नांदेडला किंवा लातूरला, जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात द्यावा.