डोळ्यांना न दिसणारे घुसखोर

चेन्नईच्या उत्तरेला, कोसस्थलैयार नदी समुद्राला मिळते तिथे एन्नोरची खाडी आहे. खाडीतल्या मऊ चिखलात कोळंबी लपून राहते आणि तिच्यावर आसपासच्या कोळी वस्त्यांची पोटे भरतात. कोणी, कधी, कुठे जाळे लावायचे याच्या पाळ्या गावाने ठरवून दिलेल्या असतात. या पद्धतीला ‘पाडू’ म्हणतात. इरुळ जमातीतल्या बायका-पुरुष तर चिखल चाचपून हातानेच कोळंबी धरतात.

अलीकडच्या काही वर्षांत मात्र या चिखलावर काळसर शिंपल्यांचा थर चढला आहे. कोळी तिला ‘काक्का आळी’ म्हणतात. काक्का म्हणजे कावळा. शास्त्रीय नाव ‘मायटेला स्ट्रायगाटा’. दोऱ्यासारख्या धाग्यांनी या शिंपल्या एकमेकींना घट्ट बिलगतात. मग कोळंबीला चिखलात शिरायला जागा उरत नाही, आणि धारदार कडांनी माणसांचे हातपाय कापतात.

ही शिंपली मूळची मध्य व दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यांवरची. मग ती इतक्या दूर आली कशी?

जहाजाच्या पोटातून प्रवास

माल उतरवलेल्या जहाजाचा तोल राहावा म्हणून त्याच्या टाक्यांत समुद्राचे पाणी भरतात. पुढच्या बंदरात माल चढवताना ते सोडून देतात. या पाण्याला ‘बॅलास्ट’ म्हणतात. शिंपल्यांची पिल्ले जन्मल्यावर काही काळ प्लवकांत, म्हणजे पाण्याबरोबर वाहणाऱ्या सूक्ष्म जीवांत, तरंगत असतात. टाकीत शिरलेली अशी हजारो पिल्ले कोणाच्या नजरेस पडणार? ही शिंपली बॅलास्टमधून किंवा जहाजांच्या तळाला चिकटून आली असावी, असे शास्त्रज्ञांना वाटते. केरळच्या अष्टमुडी सरोवरातही तिने ठाण मांडले आहे.

असे पाहुणे किती महागात पडतात हे काळ्या समुद्राने पाहिले आहे. 1980 च्या दशकात अमेरिकेकडून ‘नेमिऑप्सिस’ हा जेलीसारखा प्लवक तिथे पोहोचला. माशांचे खाद्य आणि अंडी त्याने फस्त केली. आधीच बेसुमार मासेमारीने खचलेला अँकोव्ही माशांचा धंदा पार कोसळला. 1997 मध्ये त्याला खाणारा ‘बेरोई’ हा जीव तिथे आला, तेव्हा कुठे त्याला आळा बसला.

वेळीच सावध व्हावे

1999 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरात अशीच एक परकी शिंपली सापडली. तिथल्या नौकातळांना दरवाजे होते. ते बंद करून, पाण्यात रसायने टाकून, काही आठवड्यांत तिचा नायनाट झाला. तीच शिंपली 1967 मध्ये विशाखापट्टणमला आढळली होती. पुढे ती मुंबईच्या गोद्यांतही आली, आणि इथे ती मुरली. एन्नोरच्या खाडीला तर दरवाजाच नाही. तिथे रसायन ओतले तर कोळंबीही मरेल.

म्हणूनच खरा उपाय जहाजावरच करायला हवा. 2004 चा आंतरराष्ट्रीय बॅलास्ट करार 8 सप्टेंबर 2017 पासून लागू झाला. त्यानुसार हे पाणी गाळून, अतिनील किरणांनी किंवा क्लोरीनने निर्जंतुक करून मगच सोडायचे असते. नियम कागदावर आहे. तो प्रत्येक बंदरात काटेकोरपणे पाळला गेला पाहिजे. कारण व्यापाराचा नफा दूरच्या शहरांत जातो आणि त्याची किंमत मात्र चिखलात हात घालणारी माणसे मोजतात. मुंबई-ठाण्याच्या खाड्यांत कालवे आणि खुबे वेचणाऱ्या आपल्या कोळणींवरही ही वेळ येऊ शकते.