काळी आणि पांढरी : इनामगावची हकीगत

आपल्याकडे गावची जमीन सांगताना दोन नावे जोडीने घेतात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. वस्तीची माती पांढरी का होते, याचा विचार तुम्ही कधी केला आहे काय? पिढ्यान् पिढ्या माणसे एकाच जागी राहिली, चुलीची राख साठत गेली, जुन्या भिंती पडून त्यांवर नव्या उठल्या, म्हणजे मूळच्या काळ्या मातीला हळूहळू राखाडी-पांढरा रंग येतो आणि ती जागा भोवतालच्या शिवाराहून उंच होते. म्हणून रानात असे टेकाड दिसले, की जाणता शेतकरी म्हणतो, "इथं पूर्वी गाव होतं." आणि त्याचे म्हणणे बहुधा खरे असते.

अशाच एका पांढरीची हकीगत आज सांगावयाची आहे. पुण्याच्या पूर्वेस सुमारे ८० किलोमीटरवर, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या उजव्या तीरावर इनामगाव आहे. घोड सह्याद्रीत उगम पावते, वाटेत कुकडीला पोटात घेते आणि पुढे भीमेला मिळते. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस धो धो कोसळतो; पण ढग पूर्वेकडे सरकत येईपर्यंत रिते होतात. शिरूरच्या या भागाच्या वाट्याला वर्षाकाठी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस येतो, आणि तोही लहरी. जमीन काळी, ओल धरणारी. आभाळ मात्र बेभरवशाचे. या गावचा सारा इतिहास या एका वाक्यात आहे, असे म्हटले तरी चालेल.

१९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने येथील पांढरीचे उत्खनन केले. डॉ. हसमुख सांकलिया, डॉ. मधुकर ढवळीकर आणि डॉ. झैनुद्दीन अन्सारी हे या कामातले प्रमुख संशोधक. मातीचे थर उलगडत गेले तेव्हा दिसून आले, की इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमारास येथे शेतकरी वस्तीला आले आणि इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारापर्यंत, म्हणजे जवळजवळ नऊशे वर्षे, येथे नांदले. लोखंड त्यांना ठाऊक नव्हते. तांबे थोडे होते. रोजच्या कामाला गारगोटीच्या जातीच्या दगडाची धारदार पाती असत.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या जुन्या लोकांशी आपले नाते काय? पण त्यांच्या घरात डोकावून पाहा. भिंती कुडाच्या, वर मातीचा लेप. धान्य ठेवायला जमिनीत पेव, शिवाय कणगी ठेवण्यासाठी केलेले गोल ओटे. अंगणात चूल. एका रांजणावर तर बैलगाडी रेखाटलेली आहे. आज हा शाळूचा आणि उसाचा मुलूख आहे. त्या काळी मुख्य पीक होते जव, म्हणजे आपला सातू. जोडीला गहू, मसूर, वाटाणा. बोरे, जांभळे आणि आवळेही ते खात. मूल दगावले, तर दोन कुंभांची तोंडे एकमेकांस लावून त्यांत त्याला ठेवीत, आणि घराच्या जमिनीखालीच पुरीत. गेलेले लेकरूही घराबाहेर धाडवत नसावे, असे वाटते.

इसवी सनापूर्वी १४०० ते १००० हा या गावचा भरभराटीचा काळ. संगमनेरजवळ प्रवरेकाठी असलेल्या जोर्वे गावावरून या संस्कृतीला 'जोर्वे' हे नाव पडले आहे. या काळात इनामगावात ऐसपैस चौकोनी घरे होती. मध्यभागी एक पाच खोल्यांचे घर आणि त्याला लागून धान्याचे कोठार सापडले. हे घर गावच्या प्रमुखाचे असावे आणि गावाचे धान्य तेथे जमा होत असावे, असा उत्खनकांचा तर्क आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट पाण्याची. नदीच्या पुराचे पाणी वळवून घेण्यासाठी गावकऱ्यांनी पाट खोदला होता आणि त्याच्या कडेने दगड-मातीचा बांध घातला होता. हे एका घराचे काम नव्हे. दहा हात जमल्याशिवाय, कुणीतरी शब्द टाकल्याशिवाय आणि इतरांनी तो मानल्याशिवाय पाट होत नाही. गव्हाला पाणी लागते. या काळात येथे गहू पिकत होता तो असा.

इसवी सनापूर्वी १००० नंतर चित्र बदलले. हवामान कोरडे होत गेले, असे उत्खनकांचे मत आहे. ऐसपैस घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. गहू मागे पडला. कमी पाण्यावर येणारा जव तेवढा टिकला. हरणांची हाडे अधिक मिळू लागली, म्हणजे शिकारीवर भार वाढला. गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यातील दायमाबादसारखी गावे याच सुमारास उठून गेली. इनामगाव मात्र आणखी तीनशे वर्षे तग धरून राहिले, आणि शेवटी तेही ओस पडले. कोणी शत्रू चालून आल्याची खूण नाही. पोटाला पुरेना, म्हणून माणसे हळूहळू निघून गेली असावीत. दुष्काळात जनावरे घेऊन जगायला बाहेर पडणे म्हणजे काय, हे आपल्या भागात कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

आज घोड नदीवर चिंचणीजवळ धरण आहे, ठिकठिकाणी विहिरी आहेत. आपली साधने मोठी झाली; आभाळ मात्र तेच आहे. पाणी अडवणे आणि धान्य राखून ठेवणे, ही दोन कामे ज्या काळात गावाने मिळून केली, तोच त्याचा चांगला काळ होता, एवढे या पांढरीने सांगून ठेवले आहे.

शेवटी एक विनंती. पांढरीची माती कसदार म्हणून ती शेतात टाकण्याची चाल जुनी आहे. पूर्वी ती पाटीने आणि गाडीने जाई. आता यंत्राने एका दिवसात टेकाड सपाट होते. पोतीभर खतापायी हजारो वर्षांची वही फाटून जाते. शेतकरी बांधवांनो, नांगराला खापरे लागली, जुन्या भांड्यांचे काठ वर आले, तर हात आवरा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. शिक्षकबंधूंनो, मुलांना एकदा आपल्या गावच्या पांढरीवर न्या. काही उकरू नका; नुसते उभे राहा आणि विचारा : आपली नदी कुठून येते? जुनी वस्ती याच जागी का बसली? पाणी कोठून आणीत असतील? मुले उत्तरे शोधू लागली, की भूगोल आणि इतिहास हे दोन वेगळे तास राहणार नाहीत.