पर्सी पिल्चर : पंख शिवणारा अध्यापक

ग्लासगो विद्यापीठात 1891 पासून नौकारचनाशास्त्राचे, म्हणजे जहाजांचा आराखडा आणि बांधणी यांच्या शास्त्राचे, साहाय्यक अध्यापक असलेल्या पर्सी सिंक्लेअर पिल्चर यांचे नाव विमानविद्येच्या इतिहासात राइट बंधूंच्या आधी एखाद्या परिच्छेदापुरतेच येते. तेराव्या वर्षी ब्रिटिश नौदलात दाखल झालेल्या आणि पुढे ती नोकरी सोडून गोदीत उमेदवारी केलेल्या या माणसाची नजर कारागिराची होती, आणि म्हणूनच त्यांच्या यशाइतक्याच त्यांच्या चुकाही पाहण्याजोग्या आहेत.

1895 मध्ये त्यांनी ‘बॅट’ म्हणजे वटवाघूळ या नावाचे ग्लायडर, अर्थात इंजिनाशिवाय वाऱ्यावर तरंगणारे यान, बांधले. त्याच्या पंखांचे कापड शिवण्यास त्यांची बहीण एला हिने हात लावला. पंखांची टोके मुळापेक्षा बरीच उंच ठेवली की यान आपोआप सावरेल हा तर्क कागदावर बिनचूक होता, परंतु क्लाइडच्या खाडीकाठी, कार्ड्रॉसच्या उतारावर, आडवा वारा नेमका त्या उचललेल्या पंखाखाली शिरून यान कलंडवू लागला. शिवाय या यानाला उभी शेपटी होती, आडवी नव्हती. त्याच वर्षी पिल्चर ज्यांना जर्मनीत जाऊन भेटले, त्या ग्लायडर-उड्डाणातील अग्रणी ओटो लिलिएनथाल यांनी आडवी शेपटी हवीच असे बजावले होते. पिल्चर यांना ते पटले ते मात्र स्वतः एकदोनदा करून पाहिल्यावरच. यानाला लोंबकळत, शरीराचा भार इकडेतिकडे टाकून तोल राखण्याची रीत दोघांचीही एकच होती, आणि वारा अचानक फिरला तर ती अपुरी पडते, हे 1896 च्या ऑगस्टमध्ये लिलिएनथाल यांच्या अपघाती मृत्यूने दाखवून दिले.

त्याच वर्षी तयार झालेले ‘हॉक’ (ससाणा) हे पिल्चर यांचे सर्वांत चांगले यान. जमिनीवर उतरताना बसणारा हिसका सोसण्यासाठी त्याला स्प्रिंग लावलेली चाके होती. 1897 मध्ये केंट परगण्यातील एन्सफर्ड येथे त्यातून त्यांनी सुमारे 230 मीटर अंतर कापले.

पुढची पायरी इंजिनाची होती. इंजिनाचे वजन पेलण्यासाठी पंख वाढवावेत तर पंखच जड होतात. या पेचावर उपाय म्हणून त्यांनी तीन आखूड पंख एकावर एक रचलेले यान आणि सुमारे 4 अश्वशक्तीचे इंजिन सिद्ध केले. 30 सप्टेंबर 1899 रोजी लेस्टरशायरमधील स्टॅनफर्ड हॉल येथे पाहुण्यांसमोर त्याचे प्रात्यक्षिक ठरले होते, पण त्याआधीच इंजिनाचा क्रँकशाफ्ट, म्हणजे दट्ट्याच्या वरखाली हालचालीचे फिरत्या गतीत रूपांतर करणारा दांडा, तुटला. जमलेल्यांना विन्मुख पाठवणे जिवावर आले असावे. पावसाळी हवेत भिजलेले ‘हॉक’ घोड्यांकरवी दोरीने ओढून त्यांनी उडवले, आणि सुमारे दहा मीटर उंचीवर असताना शेपटीतील बांबूची काठी मोडली. आडव्या शेपटीचे महत्त्व इतक्या धडपडीने शिकलेल्या अध्यापकाचा घात शेपटीनेच व्हावा, याला दैवदुर्विलास म्हणण्यापेक्षा ओल्या कापडाच्या ताणाचा हिशेब राहून गेला असे म्हणणे कदाचित त्यांना अधिक रुचले असते. 2 ऑक्टोबर रोजी, वयाच्या 32 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

तीन पंखांचे यान न उडताच राहिले. 2003 मध्ये क्रॅनफील्ड विद्यापीठाने काही बदल करून त्याची प्रतिकृती बांधली. ती 1 मिनिट 26 सेकंद हवेत राहिली, तर राइट बंधूंचे 1903 मधील पहिल्या दिवसाचे सर्वांत लांब उड्डाण 59 सेकंदांचे होते. बदल केलेले असल्यामुळे ही तुलना सरळ नाही, हे खरे. मोडलेले ‘हॉक’ दुरुस्त करून एडिंबरातील राष्ट्रीय संग्रहालयात ठेवले आहे.