ताटांवरचा चुना

२०१० च्या सप्टेंबरात, गणपतीच्या आधी चार दिवस, आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे प्लेनोला आली. आल्यावर आठवड्याभरातच घरात एक विचित्र प्रकार सुरू झाला. रात्री जेवणं आटोपली की बायको डिशवॉशर लावून झोपायची. आणि पहाटे पाचला उठणारी आई त्यातली धुतलेली ताटं-वाट्या बाहेर काढून सिंकमध्ये पुन्हा एकदा हातानं घासायची. आम्हांला जाग येऊ नये म्हणून नळ अगदी बारीक सोडून! बायकोच्या हे लक्षात आलं तेव्हा तिला जे वाटायचं ते वाटलंच. "आईंना माझं काम पसंत नाही, ते एक वेळ समजू शकते, पण मशीनचंही पसंत नाही?" असं ती मला म्हणाली. आईला विचारलं तर आईचं उत्तर सरळ होतं. "अगं, तुझा काय दोष त्यात? भांड्यांना साबण राहतोय. रोज पोटात जायला नको, म्हणून एकदा विसळते."

मी ताट उजेडात धरून पाहिलं. स्टीलवर पिठूळ, भुरकट असा एक थर होता. बोट फिरवलं की रेघ उमटायची. ओलं केलं की थर नाहीसा व्हायचा, आणि ताट वाळलं की पुन्हा हजर. काचेच्या पेल्यांची तर दशा पाहवत नव्हती. आणि गंमत म्हणजे दोन-तीन महिन्यांपूर्वीपर्यंत हीच भांडी, हेच मशीन आणि त्याच खोक्यातली पावडर असताना सगळं लख्ख निघत होतं.

आता मी पडलो इंजिनियर. डॉक्टरेट मेकॅनिकलमधली, विषय नळ्यांमधलं उष्णतावहन; पोटापाण्याचा धंदा मात्र सॉफ्टवेअरचा. मी काय करावं? मशीन जुनं झालं असं ठरवून सरळ नवं आणलं. तीन आठवड्यांत नव्या मशीनमधली भांडीही तशीच भुरकट! प्रोग्रॅम चुकतो म्हणून कॉम्प्युटरच बदलणाऱ्या माणसाला आम्ही ऑफिसात हसतो. घरी मी नेमकं तेच केलं होतं.

कोडं सुटायला सुरुवात झाली ती चहाच्या किटलीपासून. आई एके दिवशी विजेच्या किटलीत डोकावून म्हणाली, "अरे, हा तर बंबातला खार!" आईचं माहेर बार्शीकडचं. तिथे घरात दोन पाणी असायची. पिण्याचं नि डाळीचं गोडं पाणी लांबच्या विहिरीवरून आणायचं, आणि वापरायचं जड पाणी घरच्या आडाचं. आडाच्या पाण्यात तुरीची डाळ तासन्‌तास दडदडीत राहते, शिजतच नाही, हे त्या घरातल्या पोरीबाळींनाही ठाऊक होतं. त्याच पाण्यानं बंबाच्या आत पांढरा कठीण थर धरायचा. डाळ न शिजण्याचं कारणही तेच. पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशींमधल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं, आणि चिमूटभर खायचा सोडा घातला की ती पकड ढिली होते.

शाळेच्या पुस्तकात आपण याला 'दुष्फेन' पाणी म्हणत होतो, म्हणजे ज्यात साबणाला फेस येत नाही ते. पाऊस जमिनीत मुरताना हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतो, सौम्य आम्ल बनतो आणि चुनखडीतून जाताना तिला थोडी थोडी विरघळवून बरोबर नेतो. पाण्यात हा चुना बायकार्बोनेटच्या रूपात असतो आणि डोळ्यांना दिसत नाही. पाणी तापलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि चुना पुन्हा दगड होऊन बसतो. साखर-मीठ गरम पाण्यात जास्त विरघळतात. हा त्याच्या अगदी उलट, पाणी जितकं गरम तितका हा बाहेर पडायला उतावीळ. म्हणून थंड पाण्याच्या माठापेक्षा बंबात, आणि हातानं धुतलेल्या ताटापेक्षा डिशवॉशरच्या ताटावर तो आधी दिसतो. कारखान्यातल्या नळ्यांत असाच थर बसतो, त्याला 'फाउलिंग' म्हणतात. माझ्या थीसिसमध्ये त्यावर एक आख्खं प्रकरण आहे! ते लिहिणाऱ्याला स्वतःच्या ताटावरचा थर ओळखता आला नाही.

आपलं प्लेनो वसलंय तेच मुळी खडूच्या खडकावर. डॅलसमधल्या व्हाइट रॉक तळ्याचं नाव याच पांढऱ्या खडकावरून पडलंय. वरची काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी माती मात्र थेट आपल्या सोलापूर-लातूरकडच्या रानाची आठवण करून देते. पाणी येतं नॉर्थ टेक्सास म्युनिसिपल वॉटर डिस्ट्रिक्टकडून, मुख्यतः वायलीजवळच्या लेक लॅव्हनमधून, आणि त्यात इतर तळ्यांचं पाणी मिसळतं. ओक्लाहोमाच्या सीमेवरच्या लेक टेक्सोमाचं पाणी त्यातलं सर्वांत खारं, कारण रेड रिव्हर वरच्या अंगाला नैसर्गिक मिठाच्या थरांवरून वाहत येते. साहजिकच माझा पुढचा संशय टेक्सोमावर गेला. पण तोही खोटा ठरला. २००९ साली त्या तळ्यात झेब्रा मसल नावाचे चिमुकले शिंपले सापडले होते. ते लॅव्हनमध्ये पसरू नयेत म्हणून टेक्सोमाचं पाणी उपसणं तेव्हाच थांबवलं होतं. २०१४ मध्ये थेट शुद्धीकरण केंद्रापर्यंत बंद नळ टाकल्यावर ते पुन्हा सुरू झालं. म्हणजे २०१० साली खारं पाणी उलट बंद होतं, आणि भांडी मात्र त्याच वर्षी पांढरी पडली.

मग बदललं काय होतं? पावडर! खोकं तेच, पण आतला माल वेगळा. पूर्वी डिशवॉशरच्या पावडरीत सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेट भरपूर असायचं. हे फॉस्फेट पाण्यातल्या कॅल्शियमला कवेत घेऊन विरघळलेलंच ठेवतं, ताटावर बसू देत नाही. पण सांडपाण्यातून ते नदी-तळ्यांत गेलं की शेवाळ्याला खतपाणी मिळतं. मुळा-मुठेवर जलपर्णी कशी माजते ते पुणेकरांना सांगायला नको. तिथेही सांडपाण्यातलं नत्र नि फॉस्फरसच तिचं अन्न. १ जुलै २०१० पासून अमेरिकेतल्या सोळा राज्यांनी या पावडरीतल्या फॉस्फरसवर अर्ध्या टक्क्याची मर्यादा घातली. टेक्सास त्या सोळांत नव्हतं. पण सोळा राज्यांसाठी एक पावडर नि उरलेल्यांसाठी दुसरी, हा उद्योग कंपन्यांना परवडणारा नव्हता, त्यामुळे माल सगळ्या देशभर बदलला. तळ्यांसाठी हे योग्यच झालं, असं माझं मत आहे. फक्त खोक्यावर ठळक अक्षरांत सांगितलं असतं तर माझं एक मशीन आणि घरातले तीन आठवड्यांचे रुसवे वाचले असते. नंतरच्या पावडरी नि गोळ्या बऱ्याच सुधारल्या. फॉस्फेटच्या जागी सायट्रेट आणि तत्सम द्रव्यं आली. तरी जुनी जादू पूर्णपणे परतली आहे, असं म्हणवत नाही.

थोडा हिशोब करू. चाचणीच्या कागदी पट्टीवर माझ्या नळाचं पाणी लिटरला दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास दाखवतं. इथल्या सरकारी वर्गवारीत एकशे वीसच्या वर 'कठीण' आणि एकशे ऐंशीच्या वर 'अतिकठीण'. मशीन एका खेपेला पंधरा लिटर पाणी घेतं असं धरलं, तर त्यातून सव्वादोन ग्रॅम चुना जातो, वर्षाला पाऊण किलोच्या वर. बहुतेक मोरीतून वाहून जातो, पण शेवटच्या विसळणीचे जे थेंब भांड्यांवर राहतात ते जागेवरच आटतात. पाणी वाफ होऊन जातं, चुना मागे राहतो. हातानं धुताना आपण ताट निथळतो, फडक्यानं पुसतो. थेंबासकट चुनाही पुसला जातो.

तेव्हा मशीन बदलण्याआधी एक पैशाची परीक्षा करावी. वाटीत पांढरं व्हिनेगर घेऊन भुरकट पेला अर्धा बुडवून दहा मिनिटं ठेवायचा. बुडालेला भाग स्वच्छ झाला तर तो चुना, आणि उपाय आपल्या हातात आहे. काहीच फरक पडला नाही तर ती काच झिजलेली आहे. त्याला उपाय नाही. त्याबद्दल पुढे सांगतो.

चुन्यावर उतारा आपल्या डब्यातच असतो: लिंबाचं फूल, म्हणजेच ढोकळ्यात घालतो ते सायट्रिक ॲसिड. मशीन रिकामं करून तळाशी दोन-तीन मोठे चमचे टाकायचे आणि सर्वांत गरम खेप चालवायची. स्टील आणि काच आत असली तरी चालेल. तांब्या-पितळेची, कल्हईची नि ॲल्युमिनियमची भांडी मात्र बाहेर काढावीत. ॲल्युमिनियमची कढई किंवा कुकर तर एरवीही मशीनमध्ये घालू नये, काळाठिक्कर पडतो. या खेपेत पावडर अजिबात टाकू नये, कारण काही पावडरींत ब्लीच असतं आणि ब्लीच नि आम्ल एकत्र आले की विषारी क्लोरीन सुटतो. ही तंबी गांभीर्यानं घ्यावी.

रोजच्यासाठी रिन्स एडची डबी कधी रिकामी ठेवू नये. त्यानं पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, थेंब न धरता पाणी पातळ पडद्यासारखं ओघळून जातं. काहीजण त्या डबीत व्हिनेगर ओततात. त्यानं आतले रबर कालांतरानं खराब होतात, म्हणून मी ते करत नाही. शिवाय इथली मशीनं गरम पाण्याच्या नळाला जोडलेली असतात. सुरू करण्यापूर्वी सिंकचा गरम नळ हाताला चटका बसेपर्यंत सोडावा, नाहीतर पहिलं पाणी नळीत थंड झालेलंच आत जातं. युरोपात आणि आता भारतात मिळणाऱ्या अनेक मशीनींत पाणी मऊ करणारा भाग आतच असतो, त्यात खास मीठ भरायचं. इथे तसं मॉडेल मुद्दाम शोधावं लागतं.

मी मात्र २०१६ साली नव्या घरात आलो तेव्हा आख्ख्या घराचं पाणी मऊ करणारं यंत्र घेऊन बसलो. विक्रेता दारात आला, आमच्याच नळाच्या पाण्यात त्यानं कसलेसे थेंब टाकले, पाणी दुधासारखं झालं, आणि डॉक्टरेटवाल्या माणसानं सही केली! यंत्र तसं वाईट नाही. राळेच्या मण्यांवरचं सोडियम पाण्यात जातं आणि पाण्यातलं कॅल्शियम मण्यांवर बसतं. दीडशेच्या पाण्यात त्यामुळे लिटरला साधारण सत्तर मिलिग्रॅम सोडियम वाढतं. चमचाभर मिठात दोन हजारांहून जास्त असतं, त्यामानानं हे किरकोळ. तरी आईला रक्तदाब, म्हणून प्लंबरला सांगून स्वयंपाकघरातला थंड नळ आणि तुळशीचा बाहेरचा नळ यंत्रातून वगळला. ज्यांना डॉक्टरांनी मीठ तोडायला सांगितलंय त्यांनी हे आधी विचारून घ्यावं.

चूक झाली ती वेगळीच. पाणी मऊ झालं, पण पावडर मी पूर्वीइतकीच, खचाखच भरत राहिलो. पकडायला कॅल्शियम नाही म्हटल्यावर ती गरम, क्षारयुक्त पावडर काचेलाच खाऊ लागते. आधी इंद्रधनुष्यासारखी झाक येते, मग कायमचा धुरकटपणा. बायकोच्या मामांनी लग्नात दिलेले कटग्लासचे सहा पेले असे गेले. ते हातानंच धुवायचे, हे बायकोनं मला सांगितलं होतं, हेही इथे कबूल करतो. व्हिनेगरमध्ये बुडवले, रात्रभर ठेवले, ढिम्म फरक नाही. मऊ पाण्यात पावडर निम्म्यानं कमी करून बघावी, आणि मोलाची काच मशीनमध्ये घालूच नये.

आई २०१९ मध्ये पुन्हा आली तेव्हा पहाटे पाचला मी मुद्दाम स्वयंपाकघरात गेलो. ती डिशवॉशरमधली ताटं काढून, एकेक दिव्याखाली धरून, सरळ मांडणीत लावत होती. पेल्यांपाशी थांबून म्हणाली, "ही तर पार गेली रे." गेलीच होती. टाकवत नाहीत म्हणून आता आम्ही त्यातून ताक पितो; भरलेल्या पेल्यात काही कळत नाही.