जुन्या एक्झॉस्ट हेडरची पारख

१९५५ साली अवतरलेल्या शेव्हरोले स्मॉल-ब्लॉक व्ही-८ इंजिनाचे वापरलेले हेडर अमेरिकेत विक्रीस येतात तेव्हा, प्रत्येक बाजूच्या चारही नळ्या जेथे एकवटतात त्या कलेक्टरकडे आणि सिलिंडरहेडला जखडणाऱ्या फ्लँजकडे ज्याची दृष्टी प्रथम वळते, त्याचेच मूल्यांकन बहुधा वाजवी ठरते. कारण नळीवरील उथळ पोचा डोळ्यांना कितीही खुपला तरी शक्तीचा ऱ्हास त्याने अल्पच होतो, उलट वाकलेल्या फ्लँजखालचे गॅस्केट वारंवार जळते. सरळ पट्टी व फीलर गेज एवढ्या सरंजामाने हा दोष उघडकीस येतो.

साध्या पोलादाची नळी गंजाने पातळ झाली असेल, तर माल बेलाशक भंगाराच्या भावाने मागावा. ३०४ जातीच्या स्टेनलेस पोलादात मात्र सुमारे १८ टक्के क्रोमियम असते, आणि त्याची चीर टिग वेल्डिंगने सांधताना नळीच्या पोटात आर्गॉन वायू खेळवला नाही, तर सांध्याची आतली बाजू प्राणवायूने करपून खडबडीत होते. चिरेच्या दोन्ही टोकांना आधी बारीक छिद्रे पाडावीत. घाईतले कारागीर नेमके हेच टाळतात. तडा पुन्हा त्याच जागी गेलेला दिसला, तर आधाराविना लोंबणाऱ्या पुढच्या नळीचा भार हे त्याचे कारण असण्याचा संभव पुष्कळ.