पिल्लू आणण्याआधी डॉक्टर शोधा

पिल्लू आणायचे ठरले की घरात चर्चा होते ती नावाची, जातीची आणि ते झोपणार कुठे याची. डॉक्टरचा विषय निघतो तो पिलाला पहिल्यांदा उलट्या होतात तेव्हा. मग ज्याने पिल्लू विकले त्याला फोन जातो आणि तो सांगेल तो डॉक्टर ठरतो. विकणाऱ्याने सुचवलेला डॉक्टर वाईटच असेल असे नाही. पण पिल्लू विकतानाच आजारी होते का, हे त्याच डॉक्टरला विचारायची वेळ आली तर पंचाईत होते. त्यामुळे डॉक्टर आपण शोधावा, आणि तोही पिल्लू घरी येण्याआधी.

सुरुवात कागदपत्रांपासून करायला हरकत नाही. पशुवैद्यकाची पदवी बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही असते. इंटर्नशिप धरून हा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ नुसार व्यवसाय करण्यासाठी नोंदणी लागते. महाराष्ट्रात ही नोंदणी राज्य पशुवैद्यक परिषदेकडे होते. औषधाच्या चिठ्ठीवर आणि लसीकरणाच्या कार्डावर हा नोंदणी क्रमांक असायला हवा. नसेल तर विचारावा, त्यात संकोच कसला? एम.व्ही.एस्सी. केलेले डॉक्टर शस्त्रक्रिया, औषधोपचार, प्रजनन अशा एखाद्या विषयातले जाणकार असतात. पदविका घेतलेले पशुधन पर्यवेक्षक खेड्यापाड्यात मोठे काम करतात, मात्र कायद्याने त्यांना नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली किरकोळ उपचारच करता येतात. आणि ज्याला यातले काहीच नाही, तो ‘इतकी वर्षे कुत्री सांभाळतोय’ म्हणून सुई टोचणारा गृहस्थ डॉक्टर नव्हे.

सर्वांत मोठी फसगत लसीच्या बाबतीत होते. ‘पहिला डोस झालाय’ असे सांगून पिल्लू हातात दिले जाते, सोबत एक रंगीत कार्ड. त्यावर लसीच्या बाटलीचे स्टिकर, बॅच क्रमांक, तारीख आणि डॉक्टरची सही नसेल, तर डोस झालाच नाही असे समजून डॉक्टरशी बोलावे. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. दुकानाच्या काउंटरवर उन्हात पडलेल्या बाटलीचा भरवसा कोण देणार? पार्वो आणि डिस्टेंपरच्या लसी साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू होतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, पिल्लू सोळा आठवड्यांचे होईपर्यंत देतात. आईकडून मिळालेली प्रतिकारद्रव्ये पिलाच्या अंगात असेपर्यंत लसीचा नीट परिणाम होत नाही, म्हणून डोस पुन्हा पुन्हा द्यावे लागतात. चांगला डॉक्टर हे कारण समजावून सांगतो आणि डोस पूर्ण होईपर्यंत पिल्लू रस्त्यावर फिरवू नका, असेही बजावतो. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या सुमारास देतात. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की प्राणी काय, माणूसही वाचत नाही. इथे खोटे कार्ड म्हणजे घरातल्या लहान मुलांच्या जिवाशी खेळ आहे.

दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरच्या बोलण्यापेक्षा त्याच्या हातांकडे पाहावे. तो प्राण्याचे वजन करतो का? औषधाची मात्रा वजनावर ठरते, त्यामुळे जिथे वजनकाटाच नाही तिथे मात्रा अंदाजानेच दिली जाते. ताप पाहतो का? कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, म्हणजे अंगाला हात लावून ‘गरम लागतंय’ म्हणणे निरुपयोगी. हिरड्यांचा रंग, कान, पोट, गळ्याखालच्या गाठी हे सगळे तपासायला पाच मिनिटे पुरतात. टेबलापासून चार फुटांवर उभे राहून चिठ्ठी लिहिणाऱ्याकडे ही पाच मिनिटे नसतात.

याची किंमत काय, हे गोचीडतापाच्या उदाहरणावरून कळते. पावसाळ्यात आणि त्यानंतर हा आजार आपल्याकडे फार. कुत्रा जेवण सोडतो, मलूल पडतो. घरचे म्हणतात, हवा बदलली आहे. तापाचे इंजेक्शन दिले की दुसऱ्या दिवशी तो शेपूट हलवतो आणि डॉक्टरचे नाव होते. आत मात्र रक्तातील प्लेटलेट्स घसरत असतात. चार-सहा दिवसांनी हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून रक्त येते. गोचिडींमुळे होणाऱ्या एर्लिकिया आणि बबेसिया या दोन आजारांची औषधे वेगवेगळी आहेत. म्हणून रक्ततपासणी न करता सुरू केलेला उपचार अंधारात मारलेला दगड ठरतो. काचपट्टीवर जंतू दिसले नाहीत म्हणून आजार नाहीच, असेही नसते. हे सांगणारा डॉक्टर धरून ठेवावा.

खाजेचेही तसेच. स्टेरॉइडच्या सुईने खाज एका रात्रीत थांबते. पण कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली न पाहता ती सुई वारंवार दिली, आणि मुळात डेमोडेक्स किड्याची खरूज असली, तर ती आणखी फोफावते. पटकन आराम देणारा डॉक्टर आपल्याकडे लोकप्रिय असतो, ही खरी अडचण आहे.

मांजरवाल्यांनी थोडे अधिक चौकस असावे. मांजर म्हणजे लहान कुत्रा नव्हे. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. बोका वारंवार मातीच्या ट्रेमध्ये बसतो, जोर करतो आणि लघवी होत नाही, असे दिसले तर ते बद्धकोष्ठ समजून थांबू नये. मूत्रमार्ग तुंबला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जातो. असा फोन आल्यावर ‘उद्या आणा’ न म्हणता ‘आत्ता निघा’ म्हणणारा डॉक्टर हवा. ससे पाळणाऱ्यांनी तर आधीच विचारावे, ‘तुम्ही ससे पाहता का?’ कुत्र्या-मांजरांना सर्रास दिले जाणारे अमॉक्सिसिलिन सशाला तोंडावाटे दिले तर त्याच्या आतड्यातले उपयुक्त जंतू मरतात आणि ससा दगावू शकतो.

रात्रीचे काय, हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा. प्रत्येक डॉक्टर चोवीस तास उपलब्ध असावा ही अपेक्षा अवाजवी आहे. पण रात्री अकरा वाजता कुठे जायचे, हे त्याने सांगायलाच हवे. मुंबईत परळला १८८६ साली सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथेही महाविद्यालये आहेत. तालुक्याच्या गावी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरचा दिवस गाई-म्हशींत जातो. तिथे ‘हे ऑपरेशन माझ्याकडे नको, शिरवळला न्या’ असे त्याने म्हटले, तर त्यात कमीपणा मानू नये. तोच भरवशाचा माणूस.

नसबंदी किंवा दुसरी कोणतीही शस्त्रक्रिया ठरली की दोन गोष्टी विचाराव्यात : आधी रक्त तपासणार का, आणि भूल दिल्यावर श्वासाकडे लक्ष कोण ठेवणार? पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना भुलेत श्वासाचा त्रास होण्याचा धोका जास्त, तिथे दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा. खर्चाचा अंदाजही आधी लेखी घ्यावा. पैशाचे बोलले म्हणून प्रेम कमी ठरत नाही.

डॉक्टर बदलायची वेळ आलीच तर जुने रिपोर्ट, एक्स-रे आणि चालू औषधांची नावे नव्या डॉक्टरपुढे ठेवावीत. त्यासाठी प्रत्येक चिठ्ठीचा फोटो त्याच दिवशी मोबाइलमध्ये काढून ठेवावा. चिठ्ठ्या हरवतात, आणि पिल्लू घरात असेल तर चावल्याही जातात.